फोकसरायटर: सात महिने रोज वापरल्यावर

जानेवारीत आमच्या सोलापुरातला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठला नव्हता, त्या आठवड्यात मी फोकसरायटर हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर कम्प्युटरवर उतरवून घेतलं. आता ऑगस्ट चाललाय. नान्नांचा, म्हणजे वडिलांचा, हातमाग आणि आमच्या साखर पेठेतले विणकर यांच्यावर लिहायचं मी कितीतरी वर्षं पुढं ढकलत होते. आधीच्या दोन वर्षांत दीड प्रकरण झालं होतं, या सात महिन्यांत एकूण अकरा झाली. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

आमच्या भिंतीपलीकडे पॉवरलूमची शेड आहे. सकाळपासून खटखट सुरू. त्या आवाजानं माझं लिखाण कधीच अडलं नाही, दहावीचा अभ्यासही त्यातच केलाय. अडायचं ते मीच उघडलेल्या खिडकीपाशी. जुनी गिरणी कुठल्या साली उभी राहिली हे बघायला ब्राउझर उघडला, 1877 हे साल दोन मिनिटांत मिळालं. मग गिरणीचे जुने फोटो, फोटोंवरून 1930 चा मार्शल लॉ, तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मावशीचा निरोप, निरोपाखाली इरकलच्या साड्या. पाऊण तासानं परत आले तर वाक्य ‘गिरणीचा भोंगा झाला की’ इथंच थांबलेलं, आणि भोंगा झाला की काय व्हायचं ते डोक्यातून गेलेलं.

फोकसरायटर उघडलं की सगळा पडदा व्यापतं. खालची पट्टी, घड्याळ, चिन्हं, काही दिसत नाही. मेनू हवा असेल तर माऊस कडेला न्यायचा, तो तेवढ्यापुरता येतो आणि जातो. चालू परिच्छेद सोडून बाकीचा मजकूर फिका करायची सोय आहे, ती मी पहिल्या दिवसापासून लावली. मागचं वाचत बसून तेच तेच दुरुस्त करायची माझी खोड यानं बरीच सुटली. टाइपरायटरचा आवाजही लावता येतो, मला शेजारचा माग पुरतो. ग्रेम गॉट नावाच्या एका माणसानं हे बनवलंय, विंडोज आणि लिनक्सवर चालतं, फुकट आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच करून घ्याव्यात. थीममध्ये देवनागरी फॉन्ट निवडा आणि ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. स्पेलिंगची तपासणी बंद करा, कारण इंग्रजी शब्दकोशापुढं अख्खं पान लाल होतं. आणि जमलं तर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक, शिका. फोनेटिक कळफलकावर, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना, प्रत्येक शब्दाला सुचवण्यांची यादी उगवते, आणि रिकाम्या पडद्यावर ती डोळ्यांत खुपते. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, डीच्या कळीवर हलन्त. ‘पद्मशाली’ हा शब्द न बघता पहिल्यांदा उमटायला मला तीन आठवडे लागले, पण आता बोटं आपोआप चालतात.

रोजचं उद्दिष्ट ठरवायची सोय आहे, शब्दांत किंवा मिनिटांत. मी आधी 500 शब्द ठेवले आणि रोज हरले. मग लक्षात आलं, इंग्रजीत जिथं तीन-चार शब्द लागतात तिथं आपला ‘मागावरच्यांसाठी’ एकच मोजला जातो. इंग्रजीतला आकडा मराठीला जड जातो. तेव्हापासून 45 मिनिटं ठेवलीत, आणि हिरमुसून उठणं थांबलं.

आता जे होत नाही ते. हे सॉफ्टवेअर झाकतं, अडवत नाही. ऑल्ट-टॅब दाबलं की ब्राउझर समोर हजर. विंडोजच्या सूचना तिथूनच बंद कराव्या लागतात, आणि मी तर लिहायला बसताना राउटरचं बटणच बंद करते. तळटीपा, तक्ते, चित्रं यात नाहीत. त्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखंच फुकट सॉफ्टवेअर) सजवलेली फाईल यात उघडून सेव्ह करू नका. इथं फक्त कच्चं लिखाण करायचं, सजावट शेवटी तिकडे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका सवयीचा, आणि ती या कोऱ्या पानामुळेच लागली. साल, नाव, आकडा आठवला नाही की मी तिथं ‘बघबघ’ असं लिहिते आणि पुढं जाते. हा शब्द मजकुरात एरवी कुठंच येत नाही, त्यामुळे नंतर शोधायला सोपा. माहिती शोधणं हे काम वाटतं, म्हणून त्यात वेळ गेल्याचं आपल्याला वाईटही वाटत नाही. माझा सर्वात जास्त वेळ त्यानंच खाल्लाय, व्हॉट्सअ‍ॅपनं नाही. आता शनिवारी सगळे ‘बघबघ’ एकत्र काढते, काही नेटवर, काही हिराचंद नेमचंद वाचनालयात.

मे महिन्यात लिहिता लिहिता दोनदा लाइट गेली. इन्व्हर्टर नाही आमच्याकडे. ऑटोसेव्ह चालू होतं, लाइट आल्यावर उघडलं तर मजकूर होता तसा होता.

बाराव्या प्रकरणात आत्ता चौदा ‘बघबघ’ आहेत. त्यातले सहा फक्त नान्नाच सांगू शकतात. दुपारची झोप झाली की चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसणार आहे, कम्प्युटर आत ठेवून.