हसणाऱ्यांचे दात दिसले : नवी मुंबईची बेलापूर–पेंधर मेट्रो

11 स्टेशनं, साधारण 11 किलोमीटर, तीन डब्यांची एसी गाडी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकीट 30 रुपये. तळोज्यात राहून बेलापूरला नोकरी करणाऱ्या माणसाने आणखी काय मागावं? माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते सांगतो, पण आधी जरा मनातलं.

आम्ही इथे घर घेतलं ते मेट्रोच्या भरवशावर. 2011 मध्ये भूमिपूजन झालं, खांब उभे राहिले आणि मग नुसते उभेच राहिले. आम्ही पत्ता सांगताना त्यांचा उपयोग करायचो, तेवढाच. घरात लग्न असो की बारसं, माझा मेहुणा भर पंगतीत विचारणार, "काय दाजी, आली का तुमची मेट्रो?" सासूबाई तेवढ्या म्हणायच्या, "येईल हो, घाई काय आहे!" यात माझी बाजू घेतली जायची की टोमणा असायचा, देव जाणे. शेवटी एक तप उलटल्यावर, 17 नोव्हेंबर 2023 ला गाडी सुटली. तीही औपचारिक उद्घाटनाशिवाय. मला विचाराल तर तेच बरं झालं, फीत कापायची वाट बघत बसलो असतो तर आणखी किती दिवस गेले असते!

आता सेवेबद्दल. पेंधरला गाडी रिकामी मिळते, खिडकीची जागा नक्की. सेंट्रल पार्क, खारघर गाव, उत्सव चौक करत ती भरत जाते. बेलपाडा सोडलं की गाडी सायन-पनवेल महामार्ग ओलांडते. सकाळी खाली ट्रक, बस, रिक्षा एकमेकांच्या मागे तुंबलेल्या असतात आणि आपण वर थंडगार हवेत. पूर्वी मीही त्याच गर्दीत शेअर रिक्षात अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर काढून बसलेलो असायचो. त्यामुळे हा अर्धा मिनिट मी मोबाइल खाली ठेवून चवीने बघतो. सुरुवातीला शेवटपर्यंतचं तिकीट 40 रुपये होतं, ते खिशाला लागायचं. सप्टेंबर 2024 मध्ये 30 केलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीतले बरेच जण बाईक घरी ठेवू लागले.

पाचवा तारा कापला तो स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांमुळे. मीटरला हात लावायचा नाही आणि दोन वळणांवरच्या सोसायटीचे मागतील ते पैसे द्यायचे. संध्याकाळी हातात भाजीची पिशवी असली की फार चिडचिड होते. शिवाय बेलापूरला पुढची लोकल पकडायची तर तिकीट वेगळं काढा.

मेहुणा राहतो ठाण्याला, घोडबंदर रोडवर. 2024 च्या भाऊबीजेला तो पहिल्यांदा मेट्रोने आला. ठाण्याहून लोकलने बेलापूर आणि तिथून पेंधर. पाटावर बसला, तर बायकोने निरांजन हातात धरूनच विचारलं, "काय रे, तुमच्याकडचे खांब अजून उभेच आहेत ना? आली का मेट्रो?" तो म्हणाला, "ताई, आधी ओवाळ, मग बोल." रात्री मात्र बासुंदीची दुसरी वाटी संपवताना त्याने हळूच मला विचारलं, "दाजी, शेवटची गाडी कितीची?"

दहाची, म्हटलं. सावकाश जेव.