रेकॉर्डचं दुकान मस्त, पण कव्हर नीट बघून घ्या

रत्नागिरीत रामआळीजवळ जुन्या रेकॉर्डचं छोटंसं दुकान आहे, बोर्डबिर्ड काही नाही. नाट्यगीतं, भावगीतं ढिगाने, पण मी उचलली जुन्या काळच्या अमेरिकन गायिका हेलन केनची एलपी, साडेसहाशेला. काका आधी वाजवून दाखवतात मगच पैसे घेतात, हे एक नंबर. कव्हरला मात्र बुरशी, आपल्याकडच्या पावसात दुसरं काय होणार म्हणा.

आवाज एकदम लाडीक, लहान मुलीसारखा, मधेमधे ते ‘बूप-बूप-अ-डूप’, आणि ऐकल्या ऐकल्या बेटी बूपच आठवते. ती कार्टूनमधे आली 1930 ला, सुरुवातीला तर तिला चक्क कुत्र्याचे कान होते, मग त्यांचीच कानातली झाली. 1932 मधे केनने बेटीचा निर्माता फ्लायशर आणि पॅरामाउंट या फिल्म कंपनीवर, माझी नक्कल केली म्हणून अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला, तर कोर्टात बेबी एस्थर या कृष्णवर्णीय मुलीचं नाव निघालं, तिचा मॅनेजर म्हणाला की केनने तिला 1928 ला क्लबमधे याच ढबीत गाताना ऐकलं होतं. 1934 ला केन हरली. मला विचाराल तर बेटीचा गोल चेहरा, कुरळे केस सरळसरळ केनचेच, पण गायची ती ढब एकटीची म्हणणं जरा जास्तच होतं. एलपीच्या मागे एवढं लिहिलंय पण एस्थरचं नाव कुठेच नाही, हे खटकलं.

साऊंड ठीकठाक, दुसऱ्या बाजूला थोडी खरखर. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, त्या वेळात जाऊ नका.