मिलिमीटरचे शंभर भाग, साडेचारशे रुपयांत

आठवीला सूक्ष्मजीव शिकवताना दर वर्षी तेच. पोरं मायक्रोमीटरमधली मापं घडाघडा म्हणतात आणि ‘एक मायक्रोमीटर म्हणजे केवढा रे?’ विचारलं की चिमूट धरून डोळे बारीक करतात. म्हणून यंदा खिशातले साडेचारशे रुपये घालून स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मापं घ्यायची काच, मागवला.

वस्तू साधी. नेहमीची काचपट्टी, मधोमध 1 मिलिमीटर लांबीची मोजपट्टी, तिचे 100 भाग. दोन रेघांमधलं एक घर म्हणजे 10 मायक्रोमीटर. नुसत्या डोळ्यांना हा सगळा ऐवज बारीक ओरखड्याएवढा दिसतो, म्हणून त्याच्याभोवती खुणेचा गोल असतो. आमच्या काचेवरचा गोल इतका पुसट की पहिल्या दिवशी अर्धा तास शोधाशोधच झाली. माझ्या शेऱ्यातला एक तारा तिथेच कापला.

सूक्ष्मदर्शकाच्या दहाच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाखाली पूर्ण पट्टी मावते. तिच्यावर एका मुलीचा केस आडवा टाकला. मध्ये कव्हरस्लिपची (रेघांवरच्या पातळ काचेची) जाडी असल्यामुळे केस आणि रेघा एकदम स्पष्ट दिसत नाहीत, बारीक नॉब मागेपुढे करत मोजावं लागतं. ‘बाई, सात घरं!’ म्हणजे 70 मायक्रोमीटर. मग काय, प्रत्येकाला आपला केस मोजायचा होता. एकाचा पाचच घरं भरला, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

दह्याच्या निवळीसाठी मोबाइल कामी आला. चाळीसच्या भिंगातून आधी पट्टीचा फोटो (इथे निम्मीच पट्टी दिसते), मग झूम अजिबात न हलवता निवळीचा. पट्टीच्या फोटोवरचं एक घर कागदावर उतरवायचं आणि तो कागद दुसऱ्या फोटोवर धरायचा. केसाच्या रुंदीत सात वेळा बसणारं ते एक घर, आणि त्यात दह्यातले गोल जीवाणू आठ-दहा ओळीने बसतात! वर्ग पहिल्यांदाच गप्प झाला.

त्या शांततेत फळ्यावर हिशेब मांडला. सगळं हजारपट मोठं केलं तर 1 मायक्रोमीटरचा जीवाणू बारीक मोहरीएवढा होईल. केस 7 सेंटिमीटर जाड. आणि बाई? माझी उंची पाच फूट चार इंच, म्हणजे हजारपटीने साधारण 1626 मीटर. कळसूबाई 1646. ‘बाई, वीस मीटरनं हुकलात!’ मागच्या बाकावरून आवाज आला. (त्याला मोहरी किती मोठी ते विचारलं, बरोबर सांगितलं.)

आता तक्रार, तीही अर्धी आमचीच. चाळीसचं भिंग लावलेलं असताना एका उत्साही हाताने मोठा नॉब फिरवला आणि कव्हरस्लिपचा कोपरा उडाला. रेघा वाचल्या, पण काच पुसताना आता जीव मुठीत धरावा लागतो. सोबतची प्लॅस्टिकची डबी तर पेन्सिलीच्या कंपासलाही लाजवेल अशी, दुसऱ्या आठवड्यात बिजागरी तुटली. मी काच जुन्या चष्म्याच्या डबीत फडक्यात गुंडाळून ठेवते.

आयपीसमध्ये (डोळा लावतो त्या भिंगात) बसणारी मोजपट्टीही मिळते, तिने फोटोंचा खटाटोप वाचतो. पण शाळेतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकात ती बसेल का ते आधी बघा. नुसती ही काच घेणार असाल तर दोन घ्या, एक फुटायला.