कोठीच्या खोलीतले बारा व्होल्टचे पंखे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरला रामबागेतील आमच्या जुन्या घरात कोठीची एक खोली आहे आणि तिला मागच्या बोळाकडे उघडणारा एकच झरोका आहे. धान्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या, उन्हाळी वाळवण आणि जास्तीच्या गाद्या यांमुळे तिथे बारा महिने कुबट वास असे. पूर्वी लावलेला 230 व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा हवा चांगली ओढायचा, परंतु त्याचा आवाज इतका होता की दहा मिनिटांत घरातले कोणीतरी जाऊन तो बंद करत असे. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी संगणकाच्या कॅबिनेटमध्ये असतात तसले 120 मिलिमीटरचे तीन पंखे एका प्लायवुडच्या फळीवर बसवून ती फळी झरोक्यात अडकवली. पंख्यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ते बारा व्होल्टच्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) विजेवर चालतात. त्यांना घरच्या विजेवर चालवण्यात मात्र माझे दोन महिने गेले.

सुरुवातीला घरात पडून असलेल्या टेपरेकॉर्डरचा जड, ट्रान्सफॉर्मरवाला एलिमिनेटर, म्हणजे घरच्या विजेपासून कमी व्होल्टची डीसी वीज देणारा डबा, वापरून पाहिला. त्यावर 12 व्होल्ट असे स्पष्ट छापलेले होते. एक पंखा जोडल्यावर तो असा काही घोंघावू लागला की मला शंका आली, आणि मल्टिमीटर लावून पाहिले तर दाब 16.4 व्होल्ट निघाला. यात एलिमिनेटरचा बिघाड नव्हता. ट्रान्सफॉर्मरमधून येणारे 12 व्होल्ट हे प्रत्यावर्ती (दिशा बदलत राहणाऱ्या) विजेचे परिणामी मूल्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी, असते, तिचे शिखर त्याच्या 1.41 पट म्हणजे जवळपास 17 व्होल्टपर्यंत जाते, आणि विजेला एकच दिशा देणाऱ्या डायोडच्या पुलानंतरचा, वीज साठवणारा कपॅसिटर भार कमी असताना त्या शिखरापर्यंत भरतो. डायोडमध्ये सव्वा-दीड व्होल्ट गेला तरी पंख्याच्या वाट्याला बारापेक्षा बरेच जास्त येते. माझ्या पंख्यांची कमाल मर्यादा 13.8 व्होल्ट होती. त्या पंख्यावर मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि एलिमिनेटर परत माळ्यावर टाकला.

त्यानंतर महाराणी रोडवरील एका दुकानातून 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा एसएमपीएस अ‍ॅडॅप्टर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटने दाब स्थिर ठेवणारा) आणला. प्रत्येक पंख्यावर 0.25 अँपिअर लिहिलेले असल्यामुळे तिघांचे मिळून पाऊण अँपिअर, असा माझा हिशेब होता. "भैया, एक अँपिअर बहुत है," असे दुकानदारही म्हणाला. महिनाभर सारे ठीक चालले. मग मेअखेरीच्या एका वादळात रात्री वीज गेली, आणि ती परत आली तेव्हा कोठीतून टिक्, टिक् असा आवाज येऊ लागला. टॉर्च घेऊन पाहिले तर तिन्ही पंख्यांची पाती बोटभर सरकत होती, थांबत होती आणि पुन्हा सरकत होती. पंखा स्थिर अवस्थेतून सुटताना क्षणभर लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त प्रवाह मागतो. तिन्ही एकदम सुटले की 1 अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते, अ‍ॅडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, सेकंदाभराने पुन्हा प्रयत्न करतो आणि तेच चक्र चालू राहते. 2 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावल्यापासून वीज कितीदा गेली-आली तरी असे झालेले नाही.

याच दुकानात मला सुरुवातीला एलईडी दिव्याचा ड्रायव्हर देऊ केला होता, तो मी घेतला नाही हे बरे झाले. तसल्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये प्रवाह स्थिर ठेवलेला असतो आणि दाब भाराप्रमाणे बदलतो. पंख्याला नेमके याच्या उलट हवे असते. जाळीच्या पत्र्याच्या पेटीतला एसएमपीएस स्वस्त मिळतो, पण त्याच्या 230 व्होल्टच्या स्क्रूंवर बोट सहज पोहोचते, त्यामुळे पोरे असलेल्या घरात तो उघडा लावू नये. मी बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला बंद अ‍ॅडॅप्टरच निवडला.

अ‍ॅडॅप्टर ओसरीच्या सॉकेटमध्ये राहतो आणि दमट कोठीत फक्त बारा व्होल्टची वायर जाते. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. पंखे समांतर जोडले आहेत. लाल आणि काळी वायर वापरली असून वेग कळवणारी पिवळी वायर टेप लावून मोकळी सोडली आहे. आधी आठ मीटर बारीक रिबन वायर टाकली होती, तेव्हा पंख्यांपाशी जवळजवळ एक व्होल्ट कमी भरत असे, 0.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने ते नुकसान निम्म्याहून कमी झाले.

रात्रीसाठी एक लहान बक कन्व्हर्टर मध्ये घालून दाब 9 व्होल्टवर आणला आहे, आणि आता दार लोटले की आवाज ऐकूच येत नाही. बारा व्होल्टवर तिघे मिळून 0.6 अँपिअर घेतात. अ‍ॅडॅप्टरमधला अपव्यय धरून अंदाजे 9 वॉट होतात, म्हणजे अहोरात्र चालवूनही महिन्याला साडेसहा युनिट.

गुण किती आला? उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर वास पूर्ण गेला. त्यासाठी दाराखाली दोन बोटांची फट ठेवावी लागली, कारण आत हवा यायला वाट नसेल तर पंखे नुसते फिरतात. उदबत्ती फटीशी धरली की धूर आत खेचला जातो ते दिसते. श्रावणात मात्र बाहेरची हवाच ओली असते. पंखे दिवसरात्र चालू ठेवले तेव्हा आईच्या उडदाच्या पापडांचा एक डबा मऊ पडला आणि त्याबद्दल बोलणीही खावी लागली. मग पावसाळाभर टायमर लावून दुपारचे तीन तासच पंखे चालवले.

नोव्हेंबरपासून डावीकडचा पंखा सुरू होताना खरखरतो. पेन्सिलीची खूण त्याच्यावरच आहे. पण तो दोष त्या 16 व्होल्टचा की आतल्या साध्या नळीच्या (स्लीव्ह) बेअरिंगचा, हे एका पंख्यावरून ठरवता येत नाही. त्याच्या जागी बॉल बेअरिंगचा पंखा आणून ठेवला आहे, येत्या रविवारी बसवीन.