हॅस्केलचं डेटा.मॅप: एकाच कीवर दोन व्हॅल्यू आल्या तर कोण जिंकतं?

डिक्शनरीची, म्हणजे प्रत्येक कीसमोर (नावासमोर) एक व्हॅल्यू ठेवणाऱ्या साठ्याची, लायब्ररी पारखताना गेट आणि इन्सर्ट बघण्यात वेळ घालवू नये. ते सगळ्यांचंच चालतं. बघायचं ते एवढंच: एका कीवर दोन व्हॅल्यू येऊन आदळल्या, तर लायब्ररी तुम्हाला विचारते, का परस्पर एक फेकून देते? हॅस्केल या फंक्शनल भाषेच्या कंटेनर्स पॅकेजमधलं डेटा.मॅप या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास होतं, पण एका विचित्र अटीवर. ज्या फंक्शनच्या नावात शेवटी ‘विथ’ आहे ते विचारतं. ज्याच्यात नाही ते गुपचूप ठरवतं, आणि प्रत्येकाचं ठरवणं वेगळं.

आधी किरकोळ गोष्टी. पॅकेज फुकट आहे, बीएसडी परवान्याचं आहे आणि हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरबरोबरच येतं. प्रोजेक्टच्या कबाल फाइलमध्ये बिल्ड-डिपेंड्सखाली कंटेनर्स लिहिलं की झालं. आत साइझ-बॅलन्स्ड बायनरी ट्री आहे; त्यामागचं काम स्टीफन अ‍ॅडम्स यांच्या १९९३ च्या पेपरातलं. शोधणं, घालणं, काढणं लॉग एन वेळेत होतं, म्हणजे एक लाख नोंदी असल्या तर सतराएक पातळ्या, समतोल थोडा सैल असल्यामुळे कधी काही जास्त. इन्सर्ट केल्यावर जुना मॅप तसाच राहतो आणि नव्यासाठी फक्त मुळापासून त्या नोंदीपर्यंतच्या वाटेवरचे नोड नव्याने बनतात. साइझ मात्र लगेच मिळतो, कारण तो प्रत्येक नोडमध्ये लिहिलेलाच असतो. इम्पोर्ट नेहमी क्वालिफाइड करा. फिल्टर, मॅप, फोल्डआर ही नावं आपोआप इम्पोर्ट होणाऱ्या प्रिल्यूडमध्येही आहेत.

आता खरी परीक्षा. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आवकेची यादी घ्या, क्विंटलमध्ये. आकडे नमुन्याचे:

[("कांदा", ४०), ("बटाटा", २५), ("कांदा", ३५), ("लसूण", ८)]

ही फ्रॉमलिस्टला दिली तर कांदा ३५ येतो. पहिले ४० क्विंटल गेले. एरर नाही, वॉर्निंग नाही. १०८ क्विंटलची आवक ६८ वर आली आणि प्रोग्राम खुशाल पुढे चालला. तीच यादी फ्रॉमलिस्टविथला (+) बरोबर दिली तर कांदा ७५. इथे लायब्ररीने विचारलं, दोन आल्या तर काय करू? तुम्ही सांगितलंत, बेरीज कर.

गुपचूप ठरवणाऱ्यांची तऱ्हा बघा. फ्रॉमलिस्टमध्ये शेवटची व्हॅल्यू जिंकते. युनियनमध्ये डावीकडच्या मॅपची जिंकते. मॅपकीजमध्ये, दोन जुन्या कीज बदलून एकच झाल्या तर, मूळ कीजपैकी जी मोठी तिची व्हॅल्यू उरते. तीन फंक्शनं, तीन नियम. डॉक्युमेंटेशनमध्ये तिन्ही नीट लिहिलेले आहेत, पण टाइप सिग्नेचर, म्हणजे फंक्शन काय घेतं आणि काय देतं ती ओळ, वाचून एकही कळत नाही, आणि हॅस्केल लिहिणारा माणूस सिग्नेचरवरच भरवसा ठेवतो. त्यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे मॅपचा सेमीग्रुप, म्हणजे दोन मॅप जोडायचा ठरलेला नियम. दोन दिवसांची आवक <> ने जोडली तर कुणालाही वाटेल, आतल्या व्हॅल्यूसुद्धा जोडल्या जातील. जात नाहीत. ते डावं युनियनच आहे. एमकॉन्कॅटने, म्हणजे हीच जोडणी पूर्ण यादीवर करून, महिनाभराचे मॅप एकत्र केलेत तर प्रत्येक मालाची फक्त पहिल्यांदा आलेली नोंद हातात राहते. युनियन्सविथ (+) वापरा, किंवा मोनॉइडल-कंटेनर्स नावाचं वेगळं पॅकेज घ्या. त्यात <> अपेक्षेप्रमाणे वागतं.

इन्सर्टविथचा सापळा जरा खोल आहे. त्याला दिलेल्या फंक्शनला आधी नवी व्हॅल्यू मिळते, मग जुनी. बेरजेला फरक पडत नाही. पण गोदामातून माल काढायला कुणी इन्सर्टविथ (-) "कांदा" १० लिहिलं आणि शिल्लक ७५ असली, तर ६५ येत नाही, उणे ६५ येतं. त्याहून वाईट म्हणजे कांदा मॅपमध्ये नव्हताच तर फंक्शन चालतच नाही, १० जसाच्या तसा जाऊन बसतो. नसलेला माल विकला आणि शिल्लक वाढली! अ‍ॅडजस्ट घेतलं तर नसलेल्या कीवर तो काहीच करत नाही, आणि तेही न बोलता.

अशा कामासाठी ऑल्टरएफ आहे, आणि या लायब्ररीतलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं चांगलं फंक्शन हेच. जुनी व्हॅल्यू मेबीमध्ये मिळते (असली तर जस्ट, नसली तर नथिंग) आणि उत्तर कुठल्याही फंक्टरमध्ये, म्हणजे वेष्टनात, गुंडाळून देता येतं. इथे आयदर घ्या: चूक असेल तर लेफ्ट, नाहीतर राइट. की नसेल तर लेफ्ट, ‘माल नाही’. शिल्लक मागणीपेक्षा कमी असेल तर लेफ्ट, ‘माल अपुरा’. नेमकी शून्य उरत असेल तर राइट नथिंग, म्हणजे नोंदच निघून जाते. नाहीतर राइट जस्ट, उरलेली शिल्लक. आधी मेंबर, मग लुकअप, मग इन्सर्ट अशी तिहेरी कसरत उरत नाही आणि चारही शक्यता एकाच केसमध्ये समोर दिसतात. लुकअपला पर्याय म्हणून ! चिन्ह वापरायचा मोह होतो. की नसली तर ते चालू प्रोग्राम पाडतं. !? वापरा, मेबी मिळतं.

आता स्वतःची फंक्शनं. डेटा.मॅपमध्ये ग्रुपबाय नाही, इन्व्हर्ट नाही, फ्रिक्वेन्सी मोजणारंही नाही. प्रत्येक टीम ती लिहितेच, आणि बहुतेक ठिकाणी त्याच चुका होतात.

ग्रुपबाय हे नाव तर घेऊच नका. डेटा.लिस्टमध्ये त्याच नावाचं फंक्शन आहे आणि ते फक्त शेजारशेजारचे घटक एकत्र करतं. ग्रुपऑन म्हणा. आत फ्रॉमलिस्टविथ (++) घातलं तर चालतं, फक्त प्रत्येक गटातला क्रम उलटा येतो, कारण नवा तुकडा जुन्याच्या पुढे लागतो. क्रम सरळ करायला फ्लिप (++) लावणं ही नेहमीची दुरुस्ती, आणि ती महागात पडते: आता प्रत्येक नव्या घटकासाठी आधीची पूर्ण यादी चालून शेवटी जोडावं लागतं. एका गटात १०,००० नोंदी असल्या तर सुमारे पाच कोटी पावलं. त्यापेक्षा मूळ यादी आधी एकदा रिव्हर्स करा आणि साधं (++) ठेवा. क्रम सरळ, वेळ जवळजवळ तेवढाच. शक्य असेल तर उत्तरात साधी यादी न देता नॉनएम्प्टी द्या. गट रिकामा असूच शकत नाही, ही माहिती टाइपमध्ये राहिली तर वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी रिकाम्या यादीची केस लिहावी लागत नाही.

इन्व्हर्टमध्ये, म्हणजे की आणि व्हॅल्यूंची अदलाबदल करताना, टक्कर अपवाद नसते, तीच रीत असते. पुण्याचे पिनकोड घ्या. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शनिवार पेठ तिन्ही ४११०३०. डेक्कन जिमखाना आणि एरंडवणे ४११००४. कोथरूड ४११०३८. भागावरून पिनकोड असा सहा नोंदींचा मॅप उलटा करून फ्रॉमलिस्टला दिला तर तीन नोंदी उरतात: सदाशिव पेठ, डेक्कन जिमखाना, कोथरूड. सदाशिव पेठच का उरली? टूलिस्ट कीजच्या चढत्या क्रमाने देतो, आणि न, श, स या क्रमात स शेवटी. नारायण पेठेचा पत्ता फक्त अक्षराच्या क्रमामुळे गायब. इन्व्हर्टचं उत्तर म्हणून पिनकोडवरून भागांचा सेट द्या: प्रत्येक भाग सिंगलटन सेटमध्ये घाला आणि फ्रॉमलिस्टविथ युनियन. इथलं युनियन सेटचं, त्यात काही हरवत नाही. कुणाला खरोखर एकास-एकच हवं असेल त्याच्यासाठी वेगळं फंक्शन लिहा आणि त्याचं उत्तर आयदर ठेवा, लेफ्टमध्ये धडकलेल्या कीज.

मराठी मजकूर की म्हणून वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी डॉक्युमेंटेशनमध्ये मिळणार नाहीत. मॅपची तुलना कोडपॉइंटप्रमाणे, म्हणजे अक्षराच्या युनिकोड क्रमांकाप्रमाणे, होते. त्यामुळे ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही. टूलिस्टचा क्रम थेट छापील यादीसाठी वापरू नका. दुसरं, ऱ हा एकच कोडपॉइंट असू शकतो किंवा र आणि नुक्ता अशी जोडी. दिसायला सारखे, मॅपला दोन वेगळ्या कीज. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन ही जोडी एक करतं, पण ‘ऱ्य’ मधला अर्धा र कुणी झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह वापरून टाइप केला असेल तर तिथे एनएफसी पुरत नाही, तो बदल हाताने करावा लागतो. तिसरं, स्पेलिंग. कोथरूड आणि कोथरुड, हिंजवडी आणि हिंजेवाडी, दोन्ही रूपं डेटामध्ये हमखास सापडतात. कीज साफ करायला मॅपकीज वापरलं तर दोन्ही रूपं एक होतील आणि एका रूपाचा सगळा हिशेब नाहीसा होईल. मॅपकीजविथ (+) घ्या. कम्बाइन करणारं फंक्शन बेरजेसारखं नसेल तर लक्षात असू द्या, मूळ मोठ्या कीची व्हॅल्यू पहिली मिळते. आणि मॅप थेट प्रिंट केला तर ‘कांदा’ऐवजी \२३२५ सारखे आकडे दिसतात. मॅप बिघडलेला नसतो, छापण्याआधी मजकूर बनवणारं शो हे फंक्शन इंग्रजीबाहेरची (बिगर-आस्की) अक्षरं अशीच दाखवतं. टेक्स्टच्या पुटस्ट्रलाइनने छापा. विंडोजवर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर आधी एचसेटएन्कोडिंगने आउटपुट यूटीएफ-८ करा.

लेझीपणाबद्दल, म्हणजे गरज पडेपर्यंत हिशेब न करण्याबद्दल, या लायब्ररीचा एक गुण कापायला हवा. डेटा.मॅप इम्पोर्ट केलं तर लेझी आवृत्ती मिळते. दहा लाख नोंदींवर फ्रॉमलिस्टविथ (+) चालवलं तर कांद्याच्या जागी आकडा नसतो, न केलेल्या बेरजांची लांबलचक साखळी असते. मेमरी फुगत जाते आणि शेवटी आकडा मागितल्यावर सगळं एकदम सोडवलं जातं. उपाय डेटा.मॅप.स्ट्रिक्ट. पण तिथेही दोन छुप्या वाटा आहेत. एक, दोन्ही मॉड्यूलमधला मॅपचा टाइप एकच आहे, त्यामुळे फंक्टरचा एफमॅप स्ट्रिक्ट इम्पोर्ट केल्यावरही लेझीच राहतो. त्याऐवजी स्ट्रिक्ट मॉड्यूलमधलं मॅप हे फंक्शन वापरा. दोन, स्ट्रिक्ट म्हणजे व्हॅल्यूचं फक्त बाहेरचं कवच सोडवलेलं. सरासरी दर काढायला (बेरीज, संख्या) अशी जोडी ठेवली तर जोडी तयार असते आणि आतले दोन्ही आकडे पुन्हा साखळीत अडकलेले. छोटा रेकॉर्ड करा आणि दोन्ही फील्डच्या टाइपआधी उद्गारचिन्ह लावा. फोल्डएलसुद्धा स्ट्रिक्ट मॉड्यूलमध्ये लेझीच आहे, अपॉस्ट्रॉफीवाला घ्या.

फ्रॉमडिस्टिंक्टअस्कलिस्ट आणि मॅपकीजमोनोटॉनिक वेगवान आहेत, पण क्रम बरोबर आहे असं गृहीत धरतात, तपासत नाहीत. क्रम चुकला तर टूलिस्टमध्ये दिसणारी की लुकअपला सापडत नाही. टेस्टमध्ये व्हॅलिड हे फंक्शन चालवा, ते झाड तपासून सांगतं. डबल टाइपच्या (दशांश आकड्यांच्या) कीज टाळाच: नॅन, म्हणजे ‘आकडा नाही’ ही खास व्हॅल्यू, एकदा आत गेला तर तो शोधून परत मिळत नाही.

दोन मॅपची तुलना करायची असेल, म्हणजे कालचे दर आणि आजचे, तर डेटा.मॅप.मर्ज.स्ट्रिक्ट बघा. फक्त डावीकडे असलेल्यांचं काय, फक्त उजवीकडे असलेल्यांचं काय, दोन्हीकडे असलेल्यांचं काय, हे तिन्ही सांगितल्याशिवाय मर्ज कंपाइलच होत नाही. ड्रॉपमिसिंग, प्रिझर्व्हमिसिंग, झिपविथमॅच्ड अशी तयार उत्तरं आहेत. पूर्ण लायब्ररी अशीच असती तर वरचा निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

शेजारच्या भाषांकडे बघितलं तर एल्मचा डिक्ट आटोपशीर आहे, तोही युनियनमध्ये डाव्याला मानतो, पण स्वतः बनवलेला टाइप की म्हणून चालत नाही आणि ग्रुपबायसाठी डिक्ट-एक्स्ट्रा घ्यावं लागतं. एलिक्सिरमध्ये मॅप.मर्जला फंक्शन दिलं नाही तर उजवा जिंकतो, म्हणून हॅस्केलमधून तिकडे कोड नेताना बाजू बदला. तिथला मॅप.अपडेटचा डिफॉल्ट फंक्शनमधून जात नाही. मोजणीसाठी डिफॉल्ट ० दिला तर प्रत्येक संख्या एकने कमी येते. आर्ग्युमेंटचा क्रम मात्र ज्याचा त्याला शोभतो: एलिक्सिर पाइपसाठी मॅप पहिला घेतो, हॅस्केल फंक्शनं जोडण्यासाठी शेवटी. तुमच्या फंक्शनमध्येही मॅप शेवटी आणि कम्बाइन करणारं फंक्शन सगळ्यात आधी ठेवा.

पाचपैकी चार. कीज सगळ्या पूर्णांक असल्या, जसे पिनकोड किंवा बसमार्गांचे नंबर, तर त्याच पॅकेजमधला इंटमॅप घ्या. फंक्शनांची नावं जवळजवळ तीच आहेत आणि गुपचूप ठरवण्याच्या सवयीसुद्धा. कीजचा क्रम नकोच असेल आणि लांब स्ट्रिंग्ज असतील तर अनऑर्डर्ड-कंटेनर्समधला हॅशमॅप, पण मग लुकअपजीई, म्हणजे ‘या कीच्या किंवा त्यापुढच्या पहिल्या नोंदीवर जा’, आणि त्याच्या उलट दिशेचं लुकअपएलई विसरावं लागेल. बसच्या वेळापत्रकात पुढची गाडी शोधायला नेमकं लुकअपजीईच लागतं.