व्हॉट्सॲपचा गट की स्वतःचा सर्व्हर?

शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत कास्टिंगचे ड्रॉइंग व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणे सोपे असते, आणि २०१६ पासून तेथील संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाही वाचता येत नाहीत, हेही खरे. पण नोकरी सोडलेल्या सुपरवायझरला गटातून काढले, तरी जुनी ड्रॉइंग त्याच्या मोबाइलमध्ये राहतात. कार्यालयातच मॅट्रिक्स या खुल्या संदेशप्रणालीचा सिनॅप्स नावाचा सर्व्हर बसवून मोबाइलवर तिचे एलिमेंट ॲप वापरल्यास त्याचे खाते त्याच दिवशी बंद करता येते. (उतरवून घेतलेली फाइल मात्र तिथेही परत मिळत नाही.) दहा जणांच्या कारखान्याला हा खटाटोप परवडणार नाही; मोठ्यांनी तो करावा. व्हिडिओ बैठकीसाठी जित्सी हे सॉफ्टवेअर जोडताना राउटरवर यूडीपी १०००० हे पोर्ट (चित्र-आवाज सर्व्हरपर्यंत नेणारी वाट) उघडायचे राहिले, तर दोघांचे बोलणे थेट एकमेकांत होत असल्याने सुरळीत चालते आणि तिसरा आला की ते सर्व्हरमार्गे जाऊ लागून चित्र, आवाज दोन्ही जातात.