प्रोजेस्टेरॉनची सुई, जेल की कॅप्सूल? गर्भपातानंतरच्या एफईटीसाठी आमचं मत

एफईटी म्हणजे गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडणं. ही ट्रान्सफर दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मात्र आठ-आठ आठवडे चालतं. ते तेलातलं इंजेक्शन, योनीत ठेवायची कॅप्सूल, जेल आणि पोटावर घ्यायची पाण्यातली २५ मिग्रॅची सुई अशा रूपांत मिळतं. आधी एक गर्भ गेलेला असेल तर यातलं काय घ्यायचं हे नुसतं सोयीवर ठरवू नका.

आधी सायकल कोणती ते बघा. नॅचरल सायकलमध्ये अंडं बाहेर पडलं की अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तोच प्रोजेस्टेरॉन सोडतो. बाहेरचं औषध फक्त हातभार लावतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर गर्भाशयाचं अस्तर वाढवलं असेल तर पीतपिंड नसतोच. वार (प्लॅसेंटा) काम हातात घेईपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यापर्यंत, सगळी भिस्त याच औषधावर.

अशा गोळ्यांवरच्या सायकलमध्ये अमेरिकेत झालेली एक मोठी तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ५० मिग्रॅची तेलातली सुई घेणाऱ्यांत ४४ टक्के ट्रान्सफरमधून बाळ जन्माला आलं. योनीतलं औषध आणि दर तिसऱ्या दिवशी सुई, या गटात ४६ टक्के. नुसतं योनीतलं औषध घेणाऱ्यांत २७ टक्केच, आणि त्यांच्यात गर्भपातही जास्त. त्यामुळे आमची पसंती सरळ आहे: योनीतलं औषध, जोडीला दर तिसऱ्या दिवशी सुई. रोजच्या सुईइतकाच फायदा आणि टोचणं एक तृतीयांश. डॉक्टर नुसत्या कॅप्सूलवर ठेवत असतील तर ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातली प्रोजेस्टेरॉनची पातळी तपासायला सांगा. मिलिलिटरला ९-१० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर सुई जोडण्याबद्दल विचारा. डुफास्टन (तोंडावाटे घ्यायची प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी) मात्र या तपासणीत दिसत नाही, त्यामुळे त्यावर असताना आकडा कमी आला म्हणून घाबरू नका.

सुई दुखते ती तेलामुळे. कुपी पाच मिनिटं मुठीत धरली की तेल पातळ होतं. औषध जाड सुईने ओढायचं आणि टोचायला सुई बदलायची, साधारण २२ नंबर, दीड इंच. जागा कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या चतकोरात. मध्यभागी किंवा खाली टोचलं तर मोठ्या नसेला धोका. ज्या बाजूला टोचायचं त्या पायावरचा भार काढा, औषध सावकाश सोडा, नंतर जागा चोळा आणि कोमट शेक द्या. बाजू दर वेळी बदला. एवढं करूनही गाठी येतात, त्या हळूहळू विरतात. गाठ लाल, गरम होऊन ताप आला तर मात्र शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. लेबलवर तेल कोणतं ते वाचा: काही ब्रँडमध्ये तिळाचं, काहींत शेंगदाण्याचं असतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी असेल तर ते चालत नाही.

कॅप्सूल स्वस्त आणि सुटसुटीत. ठेवल्यावर वीसेक मिनिटं आडवं राहा. नंतर तेल गळतं, पॅड लागतंच. गळलं म्हणजे औषध वाया गेलं असं नाही. क्रायनोनसारखं जेल (८ टक्के, एका नळीत ९० मिग्रॅ) कमी गळतं, पण त्याचे दह्यासारखे गोळे साचतात आणि तीन-चार दिवसांनी पांढरट-तपकिरी होऊन बाहेर येतात. आधी गर्भ गेलेल्या बाईला तो तपकिरी रंग दिसला की काळजाचं पाणी होतं. हे आधीच माहीत असलं की एक रात्र तरी शांत झोप लागते. खरं लाल रक्त दिसलं तर क्लिनिकला फोन करा, पण औषध स्वतःहून थांबवू नका. पूर्वी गर्भपात झालेल्यांना सुरुवातीच्या रक्तस्रावात योनीतून प्रोजेस्टेरॉन ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोळा आठवड्यांपर्यंत, असा सल्ला ब्रिटनमध्ये २०२१ पासून दिला जातो. गर्भातच गुणसूत्रांचा दोष असेल तर कोणतंही प्रोजेस्टेरॉन तो थोपवू शकत नाही. तिथे डोस चुकला का, असा दोष स्वतःला लावू नका.

छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं हे सगळं औषधच करतं. पाळीही तेच लांबवतं. त्यामुळे लक्षणं असली काय, नसली काय, बीटाशिवाय (गर्भधारणेची रक्ततपासणी) काही कळत नाही.

पहिल्या डोसची वेळ लिहून ठेवा. ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाच-सहा दिवसांचा भ्रूण, प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी सोडतात. सुरुवातच एक दिवस चुकली असेल तर लपवू नका, क्लिनिक ट्रान्सफरचा दिवस सरकवू शकतं.

दहाव्या आठवड्यापर्यंतचा हिशेब साधारण ५६ दिवसांचा: दिवसाला दोन धरल्या तर ११२ कॅप्सूल आणि १९ सुया. पण सगळा साठा एकदम घेऊ नका. बीटापर्यंत तीन आठवड्यांचा, म्हणजे ४२ कॅप्सूल आणि ७ सुया पुरतात.